देवी, गादी आणि फौज

सिंहगडावर २ मार्च १७०० रोजी छत्रपती राजाराम महाराजांनी देह ठेवला, तेव्हा ते अवघे तीस वर्षांचे होते. औरंगजेब स्वतः साताऱ्याच्या पायथ्याशी तळ देऊन बसला होता. डिसेंबर १६९९ पासून अजिंक्यताऱ्याला वेढा पडलेला, तटाखाली सुरुंग खणले जात होते. अशा महिन्यात गादी एक दिवसही रिकामी ठेवणे परवडणारे नव्हते. राजाराम महाराजांना कर्ण नावाचा एक मुलगा होता, लग्नाच्या राणीच्या पोटचा नव्हे. त्याला गादीवर बसवण्यात आले आणि तीन आठवड्यांत देवीच्या आजाराने तो गेला.

आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत या घटनेला एक ओळ मिळते, पुष्कळदा तीही नाही. पुढचे पान थेट महाराणी ताराबाईंचे. त्यांचा मुलगा शिवाजी तेव्हा चार वर्षांचाही नव्हता. त्याला गादीवर बसवून त्यांनी कारभार हाती घेतला आणि सात वर्षे औरंगजेबाला दख्खनभर फिरवले. ते पान सोन्याचेच आहे. पण त्या पानाआधी एक राजा तीन आठवडे होता आणि त्याला मोगलांची तोफ लागली नव्हती, हे सांगितल्याशिवाय ती कथा पुरी होत नाही. या पुस्तकाचा जन्म त्या न सांगितलेल्या ओळीतून झाला आहे. मराठेशाहीत देवीच्या रोगाने काय काय हलवले, फौजांवर त्याचा परिणाम कसा झाला किंवा का झाला नाही, आणि खानदेशच्या गावांनी हा रोग कसा सोसला, हे एकत्र मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

खानदेशात, त्यातही शिंदखेड्यात बसून हा विषय का घ्यावा, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर रस्त्यात आहे. सतराव्या शतकात ताव्हेर्निए नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या हिंदुस्थानात पुन्हा पुन्हा आला. सुरतेहून बुऱ्हाणपूरला जाताना लागणारे मुक्काम त्याने क्रमाने लिहून ठेवले आहेत. नवापूर, नंदुरबार, मग पुढे शिंदखेडा, थाळनेर, चोपडा. उच्चार फ्रेंच कानाने टिपलेले असले तरी आपल्या तालुक्याचे गाव त्यात स्पष्ट ओळखू येते. बंदरावर उतरलेला माल याच वाटेने उत्तरेला जायचा. लमाणांचे तांडे, यात्रेकरू, हुंडीवाले, पलटणी, सगळ्यांची पावले या मातीवरून गेली. देवीचा रोग माणसाच्या श्वासातून माणसाला होतो, जनावरातून किंवा पाण्यातून नाही. म्हणजे तो जातो तो रस्त्यानेच. व्यापाराचा आणि लष्कराचा हमरस्ता ज्या गावातून जातो, त्या गावाच्या वाट्याला हा रोग पिढ्यान्‌पिढ्या येणारच होता.

गादीच्या भांडणाचा धागाही आपल्याच मुलखातून गेला आहे. औरंगजेब १७०७ साली अहमदनगरजवळ मेला. मोगलांच्या कैदेत वाढलेले शाहू महाराज त्याच वर्षी सुटले आणि नर्मदा ओलांडून दक्षिणेकडे निघाले. वाटेत कुकरमुंड्याचे अमृतराव कदमबांडे त्यांना मिळाले. पश्चिम खानदेशात लामकानीला त्यांचा मुक्काम पडला. लामकानी आज धुळे तालुक्यात आहे, शिंदखेड्याहून नैर्ऋत्येला. तिथल्या सुजानसिंग रावळांनी त्यांना साथ दिली. परसोजी भोसले, हैबतराव निंबाळकर, नेमाजी शिंदे असे मातब्बर सरदार तिथेच त्यांच्याकडे आले. नेमाजी शिंदे राजाराम महाराजांच्या काळापासून खानदेशच्या चौथाईवर होते. ताराबाईंच्या नावाने लढणारी माणसे शाहूंच्या बाजूला झुकली, ती पहिल्यांदा आपल्या या कोरड्या माळावर. १२ ऑक्टोबर १७०७ ला खेडजवळ शाहू आणि ताराबाई यांच्या फौजांची लढाई झाली, तिचा कौल बऱ्याच अंशी आधीच इथे लागला होता. लामकानीच्या त्या छावणीत सरदारांपुढे दोनच नावे होती, थोरल्या पातीचे शाहू आणि ताराबाईंचा मुलगा शिवाजी. तिसरे नाव सात वर्षांपूर्वीच पुसले गेले होते. कर्ण जगता तर ताराबाई गप्प बसल्या नसत्या, हे मला मान्य आहे. त्यांचा स्वभाव, त्यांची कर्तबगारी पाहता वारसाचा वाद त्यांनी उभा केलाच असता. पण तो वाद मोगली वेढ्याच्या ऐन धामधुमीत, मराठ्यांतच, तलवारीने लढला गेला असता. तो टळला, आणि टळण्याचे कारण एक आजार होता.

दुसरा घाव २६ वर्षांनी बसला. ताराबाईंच्या मुलाला १७१४ मध्ये त्यांच्या सवत राजसबाईंच्या बाजूने पन्हाळ्यावर कैद केले आणि त्याचा सावत्र भाऊ संभाजी कोल्हापूरच्या गादीवर आला. आई आणि मुलगा दोघेही नजरकैदेत गेले. तिथेच १४ मार्च १७२६ रोजी देवीच्या आजाराने शिवाजी वारला. वय तीसच्या आत. त्याच्या मृत्यूनंतर जन्मलेले म्हणून एक मूल ताराबाईंनी गुपचूप वाढवले, असे त्यांनी पुढे जाहीर केले. तेच रामराजा. शाहू महाराज १५ डिसेंबर १७४९ ला निपुत्रिक गेले, तेव्हा ताराबाईंच्या शब्दावर रामराजाला साताऱ्याच्या गादीवर बसवले गेले. त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत जे झाले, ते मराठी राज्याच्या घडणीवर कायमचे कोरले गेले. नोव्हेंबर १७५० मध्ये ताराबाईंनी त्याच रामराजाला साताऱ्याच्या किल्ल्यात अडकवून ठेवले. गुजरातेतून दमाजी गायकवाडांना फौजेनिशी बोलावले. अखेर १७५२ मध्ये जेजुरीला खंडोबाच्या देवळात शपथ घेऊन हा आपला नातू नव्हे असे सांगितले. रामराजा आणि पेशवे यांच्यातल्या सांगोल्याच्या करारापासून राज्याची खरी सूत्रे पेशव्यांकडे गेली ती गेलीच. छत्रपती साताऱ्यात, कारभार पुण्यात, ही व्यवस्था पुढे १८१८ पर्यंत टिकली.

या सगळ्या गुंत्याला बाजीरावांचा पराक्रम, नानासाहेबांचे धोरण, ताराबाईंचा हट्ट अशी कारणे दिली जातात. ती खरीच आहेत. पण रामराजाच्या वडिलांबद्दल कोणाला शंका घेता आली, कारण ते हयात नव्हते. ते हयात नव्हते, कारण पन्हाळ्याच्या कोठडीत त्यांच्या अंगावर देवी उठल्या. एखादा जिवंत, प्रौढ, ओळखीचा राजपुत्र समोर उभा असता तर जेजुरीची शपथ घ्यायची वेळच आली नसती. रोगाला इतिहासाचे एकमेव कारण कोणी म्हणू नये. पण त्याला कारणांच्या यादीतून वगळणे हे इतिहासाशी प्रामाणिक नाही, असे मी आग्रहाने म्हणतो.

आता फौजेकडे वळू. जगाच्या इतिहासात देवीच्या रोगाने सैन्ये मोडल्याची उदाहरणे ठळक आहेत. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात १७७५-७६ च्या हिवाळ्यात क्वेबेकवर गेलेली अमेरिकन फौज देवीने अक्षरशः आतून पोखरली. तिचा सेनापती जॉन थॉमस स्वतः जून १७७६ मध्ये त्याच रोगाने मेला. जॉर्ज वॉशिंग्टनला तरुणपणी, १७५१ मध्ये बार्बाडोस बेटावर देवी येऊन गेल्या होत्या. त्याच्या चेहऱ्यावर वण होते, आणि म्हणून तो या रोगापासून मुक्त होता. त्याने फेब्रुवारी १७७७ मध्ये सगळ्या फौजेला देवी टोचण्याचा हुकूम दिला. तेव्हा गाईची लस नव्हती. देवी आलेल्या माणसाच्या फोडातले द्रव्य निरोगी माणसाच्या कातडीत घालायचे, मग सौम्य आजार यायचा, काही जण दगावायचेही. आजाराचे ते तीन-चार आठवडे फौज अर्धी निकामी असायची. हे शत्रूला कळू नये म्हणून त्याने गुपित ठेवले. कित्येक अभ्यासक या हुकुमाला त्या युद्धातला त्याचा सर्वांत मोठा निर्णय मानतात, आणि मला ते पटते.

मराठ्यांच्या फौजेबाबत असे काही घडल्याचे दिसत नाही. पानिपतावर उपासमारीने जनावरे आणि माणसे मेली, विजापूरच्या बाजूला मोगलांच्या छावणीत १६८९ च्या सुमारास गाठीच्या तापाने हाहाकार केला. देवीने मात्र आमची घोडदळे मोडली नाहीत. याचे कारण या रोगाच्या स्वभावात आहे, आणि पुस्तकातले सर्वांत महत्त्वाचे प्रकरण माझ्या मते तेच आहे.

देवीचा विषाणू अंगात शिरल्यावर साधारण बारा दिवस काहीच दिसत नाही. मग कडक ताप, कंबरदुखी, आणि दोन-चार दिवसांत तोंडावर, हातांवर, तळपायांवर एकाच वेळी पुरळ. त्याचे पाणीदार फोड, मग पिकलेले, मग खपल्या. शेवटची खपली गळून पडेपर्यंत, म्हणजे जवळजवळ तीन आठवडे, रोगी दुसऱ्याला रोग देऊ शकतो. मोठ्या देवीत शंभरातले तीसेक जण मरत. जे वाचत, त्यांना पुन्हा देवी येत नसत. ज्या देशात हा रोग शतकानुशतके घरोघर आहे, तिथे तो लहानपणीच गाठतो. त्यात काही मुले मरतात, उरलेली वणाचे तोंड घेऊन मोठी होतात. अठरा-वीस वर्षांचा पोऱ्या भाला घेऊन पागेत दाखल होतो, तेव्हा देवीने त्याची परीक्षा आधीच घेतलेली असते. अमेरिकेत दूरदूरच्या शेतांवर वाढलेल्या मुलांनी हा रोग कधी पाहिलाच नव्हता, म्हणून ते छावणीत एकत्र आले की धडाधड कोसळत. आपल्याकडे गावच दाट, बाजारच भरगच्च, आणि रस्ते कायम चालते.

मोगल फौजेत प्रत्येक शिपायाचा ‘चेहरा’ लिहून ठेवण्याची पद्धत होती. रंग गव्हाळ की सावळा, कपाळ रुंद की अरुंद, भुवया जुळलेल्या की वेगळ्या, कुठे तीळ, कुठे वण. घोडा बदलून किंवा माणूस बदलून पगार उकळू नये, एवढाच त्यामागचा हेतू. पण आज आपण त्या नोंदी वेगळ्या डोळ्यांनी वाचू शकतो. तोंडावर वण असलेला शिपाई म्हणजे छावणीत देवी शिरली तरी पाय रोवून उभा राहणारा शिपाई.

फौजेत एक गडी पडला तर दुसरा उभा राहतो. गादीवर मात्र एकच माणूस बसतो, आणि त्याच्या जागी आयता दुसरा नसतो. लहानपणी ज्याला देवी आल्या नाहीत, असा एखादा राजपुत्र मोठेपणी कधीही सापडू शकतो. म्हणून आपल्याकडे या रोगाने फौज सोडली आणि राजघराणे धरले. हीच गोष्ट उत्तरेतही दिसते. शिखांचे आठवे गुरू हरकृष्ण १६६४ मध्ये दिल्लीत देवीनेच गेले, तेव्हा ते आठ वर्षांचेही नव्हते. पंजाबचे महाराजा रणजितसिंग वाचले, पण बालपणीच्या देवीने त्यांचा डावा डोळा नेला. चीनमध्ये तर हा हिशोब उघडपणे मांडला गेला. १६६१ मध्ये शुन्‌झी बादशहा देवीने मेला, आणि त्याच्या मुलांपैकी ज्याला देवी येऊन गेल्या होत्या त्या सहा वर्षांच्या मुलाला वारस निवडले. तोच कांग्शी, ज्याने पुढे ६१ वर्षे राज्य केले. मेक्सिकोत १५२० मध्ये कुइत्लावाक राजाने कोर्तेसच्या स्पॅनिश फौजेला राजधानीतून पळवून लावले. पण त्याच लोकांबरोबर आलेल्या देवीने त्याला सुमारे ८० दिवसांत गादीवरून उचलले. तिथे रोग नवा होता, म्हणून राजाही गेला, फौजही गेली आणि रयतही. कर्णाचे तीन आठवडे आणि कुइत्लावाकचे ८० दिवस शेजारी ठेवून पाहिले, तर रोग नवा असणे आणि जुना असणे यातला फरक किती मोठा आहे ते कळते. मराठ्यांचा राजा गेला, पण राज्य लढत राहिले.

गावाकडचे चित्र वेगळे होते आणि ते अधिक दुःखद होते. कारण तिथे मरणारी लहान मुले होती, आणि त्यांची नोंद कोणत्याही बखरीत नाही. घरात देवी आल्या की दाराला कडुनिंबाचे डहाळे लागत. फोडणीचा वास घरात येऊ द्यायचा नाही, बाहेरच्या माणसाने आत यायचे नाही, घरातल्याने हजामत करायची नाही, रोग्याला शिव्याशाप द्यायचे नाहीत. अंगावर आलेली माय रागावू नये म्हणून दहीभात, थंड नैवेद्य. लिंबाच्या पाल्याने हळूहळू वारा घालायचा, फोडांवर माशी बसू द्यायची नाही. यात सगळी अंधश्रद्धा होती असे म्हणणारे मला पटत नाहीत. परक्याला दारात अडवणारा नियम रोग आवरणारा होता, आणि पाल्याने वारा घालणाऱ्या आईच्या हाती दुसरे काही नव्हतेही. मात्र पाठोपाठ शितळेच्या देवळात बायकांची गर्दी होई, नुकत्याच बऱ्या झालेल्या मुलांना नवसाला आणले जाई, आणि तिथे रोगाला नवी मुले मिळत. हेही त्याच श्रद्धेचे दुसरे टोक आहे, आणि पुस्तकात ते झाकलेले नाही.

लस आली तीही माणसांच्या दंडांवरून. एडवर्ड जेन्नरने १७९६ मध्ये गोस्तनदेवीचा प्रयोग केला. ती लस बगदाद-बसऱ्याच्या वाटेने मुंबईला पोचली, आणि १४ जून १८०२ रोजी अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावर ती टोचली गेली. हिंदुस्थानातली ती पहिली. बर्फाच्या पेट्या नव्हत्या, उन्हाळ्यात लस लगेच मरे. त्यामुळे आठव्या दिवशी एका मुलाचा फोड भरला की त्यातले पाणी दुसऱ्या मुलाला, त्याच्याकडून तिसऱ्याला, अशी मुलांची साखळी लावूनच ती पुढे नेत. मुंबईहून ती पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रास अशी गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरात यशवंतराव होळकरांनी हडपसरजवळ दुसऱ्या बाजीरावाचा पराभव केला आणि पुढची दोन-तीन वर्षे खानदेश फौजांच्या टाचांखाली आणि दुष्काळात चिरडला गेला. गावे ओस पडत असताना दंडावरून दंडावर जाणारी लस तिथे कशी टिकणार होती? १८१८ नंतर इंग्रजी अंमल बसला, धुळ्याला कारभार आला, पण लसीवर विश्वास बसायला आणखी दोन पिढ्या गेल्या. आपल्या मुलाच्या दंडातून परक्या जातीच्या मुलाला पाणी काढून द्यायचे, याला आयाबाया तयार होत नसत. नंतर वासरांवर लस तयार होऊ लागली, तेव्हा तो अडसर सुटला. मग ‘देवी काढणारा’ गावात आला की पोरे ज्वारीच्या शेतात लपत, हे दृश्य खानदेशातल्या सत्तरीपुढच्या माणसांना आजही आठवते.

स्वतंत्र भारताने १९६२ मध्ये राष्ट्रीय देवी निर्मूलन मोहीम हाती घेतली. सुकी लस आणि दोन टोकांची सुई आल्यावर काम सोपे झाले. सुईचे टोक लसीत बुडवायचे आणि दंडावर एकाच जागी भराभर पंधरा टोचे मारायचे. त्याचा गोल, खोलगट वण आजच्या साठीपलीकडच्या जवळजवळ प्रत्येक हातावर आहे. पण रोग संपला तो नुसत्या टोचण्याने नाही. आरोग्य कर्मचारी घरोघर, बाजारात, शाळेत रोग्याचे चित्र असलेले कार्ड घेऊन फिरले, रोगी सापडला की त्याच्या भोवतालच्या सगळ्यांना टोचले. खबर देणाऱ्याला बक्षीस होते, ते वाढत शेवटी १,००० रुपयांवर गेले. त्या काळी ती रक्कम खेड्यात फार मोठी होती. भारतातला शेवटचा रोगी मे १९७५ मधला. जागतिक आरोग्य संघटनेने ८ मे १९८० रोजी जगातून देवी गेल्याचे जाहीर केले. माणसाने पृथ्वीवरून पुसून टाकलेला माणसांचा हा एकमेव रोग आहे, आणि त्यात खांद्याला पिशवी अडकवून सातपुड्याच्या पाड्यांपर्यंत चालत गेलेल्या कर्मचाऱ्यांचा वाटा राजे-सेनापतींच्या पराक्रमाहून कमी मानता येणार नाही.

पुस्तकाची मांडणी याच क्रमाने आहे. पहिला भाग गादीचा, दुसरा फौजेचा, तिसरा गावांचा. तिसरा भाग सर्वांत आखूड आहे, याची मला खंत वाटते. पहिल्या दोन भागांना छापील साधने भरपूर मिळतात. इतिहासाचार्य राजवाडे यांनी ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यातच देह ठेवला आणि त्यांच्या दप्तरांसाठी उभे राहिलेले संशोधन मंडळ आजही तिथे आहे. कागद जपण्याची परंपरा खानदेशला नवी नाही. पण त्या कागदांत लढाया शोधणारे पुष्कळ झाले, आजार शोधणारे थोडे. पत्राच्या शेवटी ‘चिरंजीवांस देवी आल्या’ अशा मजकुराची एखादी ओळ असते, जमाखर्चात शितळेच्या नैवेद्याची नोंद असते, गावच्या जन्ममृत्यूच्या वहीत एका महिन्यात एकाच घरातली तीन नावे सापडतात. अशा नोंदी वाचून उतरवून ठेवणारी माणसे हवी आहेत. शिंदखेडा, शिरपूर, साक्री या तालुक्यांत जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर अजून दप्तरे आहेत, आणि १९७४-७५ च्या शोधमोहिमेत काम केलेले, आता ऐंशीच्या घरात असलेले काही निवृत्त आरोग्य कर्मचारीही आहेत. पुढच्या आवृत्तीचा तिसरा भाग त्यांच्याकडूनच यायचा आहे. दप्तरांपेक्षा आधी त्यांच्याकडे जायला हवे.